डाव्या हाताची सही

"ड्रायव्हर पळाला. मग मीच जीप खाली आणली."

साहेब माइकवर बोलले. उलव्यातल्या आमच्या सोसायटीने टाळ्या वाजवल्या. सव्वीस जानेवारी, नुकतंच झेंडावंदन झालेलं. हीच गोष्ट साहेब शाळांमधूनही सांगतात, असं निवेदकाने कौतुकाने सांगितलं होतं. पाहुण्यांची यादी मी केली होती. पहिलं नाव साहेबांचं.

लढाईत त्यांची जीप चालवणारा मी होतो.

शेजारी मुलगी बसली होती. टाळीसाठी उचललेले हात तिने खाली घेतले. "पप्पा, ड्रायव्हर तर तुम्ही होता ना?"

मी पळालो नव्हतो. तोफेचा गोळा रस्त्याकडेला फुटला. साहेबांचा उजवा हात कोपरापासून फाटला. पुढची काच गेली, मागचं एक चाक बसलं. तशीच गाडी घाटातून दवाखान्याच्या तंबूपर्यंत आणली. तिथे मी एक वेडेपणा केला. फेरी संपली की गाडीच्या डायरीत साहेबाची सही घ्यायची, हा आमचा नियम. स्ट्रेचरवरच्या माणसापुढे मी डायरी धरली. ते हसले. डाव्या हाताने सही केली. म्हणाले, "तू होतास म्हणून वाचलो रे."

त्या एका वाक्यावर मी आजवर ताठ चाललो.

कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलापाशी मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी खांद्यावर थाप मारली. "अरे, भाषणात थोडं रंगवावं लागतं. तुझं नाव घेतलं का मी?" मग खिशातून किल्ली काढली. "जा, गाडी गेटवर आण. विसरला नाहीस ना चालवायला?"

जुन्या सवयीने हात पुढे गेला. मागे घेतला.

"किल्ली तुमच्याकडेच ठेवा."

घरी जाऊन कागदावर लिहिलं. कुठून निघालो, कुठे पोचलो, गाडीत कोण, चालवत कोण. खाली सहीसाठी रेघ. गेटवर आलो तेव्हा साहेब गाडीत बसत होते. कागद पुढे केला.

"डोकं फिरलंय का? इतक्या वर्षांनी?"

"तेव्हा डाव्या हाताने केलीत, साहेब. आता उजवा बरा आहे."

काच वर गेली.

कागद सोसायटीच्या फलकावर लावला आहे. चेअरमन म्हणतात, "काढा हो, उगाच वाद नको." काढणार नाही. फाडला तर दुसरा लावीन. दहा प्रती काढून ठेवल्यात. आणि जिथे जिथे साहेबांनी ही गोष्ट सांगितली, तिथे तिथे एक प्रत घेऊन जाणार आहे. यादी तयार आहे. पहिली, खांदेश्वरची शाळा. सोमवारी.