खाली न उतरणारा भाऊ

पेट्रोलच्या टाकीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचं आणि म्हणायचं, "हे झाकन अन् मानसाचं तोंड, उघडाले सामान हलवाचं काम नाई पडलं पायजे." हे त्याचं पेटंट वाक्य. पंपावर आला की पहिलं हेच. मग किल्ली फिरवून झाकण उघडायचं आणि सिंहासनावरून हुकूम सोडल्यासारखं म्हणायचं, "टाक!"

आमच्या भागात आठवडी बाजार करणारे मोटारसायकलवाले तुम्ही पाहिले असतील. आज एटापल्ली, उद्या आलापल्ली, परवा अहेरी. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी जात. मी सुकी मासोळी विकतो, तो प्लास्टिक विकायचा. बादल्या, टब, मग, चाळण्या, खुर्च्यासुद्धा. लांबून बघणाऱ्याला गाडी दिसतच नसे. रंगीत टेकडी चालत येतेय असं वाटे. एकदा चामोर्शीच्या वाटेवर वाघ आडवा बसला होता. लोक मोहर्लीला पैसे मोजून वाघ बघायला जातात, इथं वाघच ह्याची गाडी बघायला आला होता. त्यानं नीट निरखलं, उठला आणि साइड दिली. खोटं वाटत असेल तर वाघाला विचारा.

पण त्या टेकडीत डोकं होतं. वजनदार टब दोन्ही बाजूंना खाली, एकात एक बसवलेले. हलका माल मागे उंच. टाकीवर मात्र खोगिरासारखी जोडथैली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे, आणि मधे झाकणापुरती फट. पंपावर आमची कोण तारांबळ! मी दोर सोडतोय, पोतं उतरवतोय, मागचे हॉर्न वाजवताहेत. आणि हा बसल्या जागी टाकी भरून, केसांवरून हात फिरवून निघूनही जायचा.

"भाऊ, एक दिवस खाली उतरून बघ, जमीन चावत नाई," मी म्हणायचो.

"राजा कधी उतरते का बे? परजा येते वरतं पाहाले," तो म्हणायचा.

बाजारातही तेच. सगळ्यांत आधी यायचा, पिंपळाच्या ओट्याला गाडी लावायचा आणि गाडीवरूनच धंदा करायचा. बायांशी काय भांडण रंगायचं! बाई म्हणे, "एवढ्याशा टबाचे एवढे?" हा म्हणे, "बाई, ह्या टबात तुही नात आंघोळ करन, मंग तिची नात करन." ती निम्म्यावर यायची, हा छातीवर हात मारून मेल्यासारखा मागे कलायचा. चहाला मात्र कायम नकार. "गरमी करते," म्हणे. पाणीसुद्धा घोटभरच. आम्ही समजलो कंजूस आहे, चहा घेतला तर पाजावा लागेल म्हणून पीत नाही.

मग अहेरीच्या वाटेवरच्या पंपावर एक नवीन पोरगी कामाला लागली. आधीचा माणूस ह्याला बसल्या बसल्या पेट्रोल घालायचा. हिला कुणी काय शिकवलं होतं ते ती इमानेइतबारे करत होती.

"काकाजी, खाली उतरा. बसून पेट्रोल नाई देत."

"झाकन उघडं हाय, बाई. टाक."

"उतरा, मंगच."

आमच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "राजेसाहेब, उतरा ना जी! आमाले बाजार हाय!" मागे बाजाराला निघालेल्या बायांचा ऑटो उभा होता. सगळ्या त्याच्याच गिऱ्हाईक. त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. फिरून जावं तर टाकी कोरडी. आणि तो उतरायला गेला.

गाडी कलंडली. बादल्या सुटल्या, प्लास्टिकचे मग घरंगळले, एक लाल टब तर थेट डांबरी रस्ता ओलांडून पलीकडे गेला. सगळे हसले. असं दृश्य कुणाला हसवणार नाही? मग दिसलं, की तो आपला उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवतो आहे, लाकडाचा ओंडका ठेवावा तसा. त्या पायात जोरच नव्हता. पुढे कळलं, घुग्घुसला कामाला होता तेव्हा ट्रकखाली सापडला होता. ओट्यावरून तो कसाबसा गाडीवर चढायचा, आणि चढला की दिवसभर खाली न उतरता भागवायचा. चहापाणी का नको, तेही तेव्हाच समजलं: प्यायलं की उतरावं लागतं.

हसू जागच्या जागी मेलं. पोरगी रडायला लागली. "मले का मालूम, काकाजी..."

"तुहं काम तू केलं," तो जमिनीवरून म्हणाला. "रडू नको. टाकी भर पयले."

आम्ही चौघांनी गाडी उभी केली आणि त्याला उचलून वर बसवलं. त्यानं कुणाकडेच पाहिलं नाही.

खरी गंमत, म्हणजे ज्याला गंमत म्हणवत नाही ते, पुढच्या बाजारी झालं. बाई आली, बादली उचलली, सांगितले तेवढे पैसे ठेवले आणि निघाली.

"बाई, भाव नाई करत काऊन?"

"राहू दे ना भाऊ. तुमालेबी तरासच हाय."

दुसरी आली, तिसरी आली. सगळ्यांचं तेच. एकीनं तर सुटे परत घेतले नाहीत. कुणी पाण्याचा तांब्या आणून ठेवला, कुणी माल लावू लागायला धावला. विक्री एवढी झाली की दुपारीच गाडी रिकामी. आणि हा वाळलेल्या मासोळीसारखा बसलेला. ह्या उपमेवर माझा हक्क आहे.

मला म्हणाला, "भाऊ, भीक अन् धंदा, फरक एवढाच. धंद्यात समोरचा भांडते."

ह्याचा बंदोबस्त मीच करणार असं मी ठरवलं. माझ्याइतकं मोठं तोंड सगळ्या जिल्ह्यात नाही. भर बाजारात त्याच्यापुढे उभा राहिलो आणि एक टब उचलून ओरडलो, "ह्याचे एवढे? अर्धे बी नाई देत! बूड पाह्य ह्याचं, पापड बरा!"

तो चमकला. हळूच ताठ झाला. "पापड? हत्ती बसव हत्ती!"

"हत्ती तुह्या घरचा उपाशी असन!"

लोक जमले. त्यानं छातीवर हात मारला, मी टब आपटला. त्याचे डोळे जुन्यासारखे चमकले. भावात तो थोडा उतरला, मी थोडा चढलो. आणखी ओढायला जागा होती, भरपूर होती. पण त्यानं पाय सावरायला हात खाली नेला, ते मी पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं, घे तुह्या मनाचे."

त्यानं पैसे हातात घेतले, घडी केली.

"अजून एक डाव खाली वढाचं ना, भाऊ," तो हलकेच म्हणाला. "मले तुह्या डोयात माहा पायच दिसून राह्यला."

मी ज्या तोंडावर पोट भरतो, ते तोंड त्या दिवशी कुठं लपवावं कळेना. टब घेऊन निघालो तर तो टबही जड झाला.

त्यानंतर तो आमच्या बाजारांत आला नाही. ओट्यापाशी त्याच्या जागेवर कुणी बसत नाही. हीसुद्धा दयाच, आणि आम्हाला ती सोडवत नाही.

परवा मासोळी आणायला सिरोंच्याच्या पुढे गेलो होतो. नदीकाठच्या एका बाजारात लांबून रंगीत टेकडी दिसली. तोच होता. गाडी दगडी कठड्याला लावलेली, हा वर. समोर एक म्हातारी बादलीवर मूठ आपटून तेलुगूत ओरडत होती, "एक्कुवा! एक्कुवा!" म्हणजे जास्त, फार जास्त. हा मोडक्या तेलुगूत तिच्या सात पिढ्यांना बादली पुरवत होता. तिनं बादली फेकली, चार पावलं गेली. त्यानं हाक मारली. ती परत आली आणि आणखी खाली ओढू लागली. तिला दयामाया नव्हती. त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं, की मला बघवेना.

हाक तोंडावर आली होती. पण मी पुढे गेलो असतो, तर त्याचा पाय माझ्याबरोबर त्या बाजारात पोचला असता.

मी एका जीपच्या आडोशाला वळलो. गाडी चालू केली असती तर आवाजावरून त्यानं ओळखली असती. म्हणून ती बंदच ठेवून, मान खाली घालून, ढकलत बाजाराबाहेर नेली. पाठीमागे म्हातारी अजून ओरडत होती.