दूध फरार!

सासरी पहिल्याच दिवशी मी वाढायला उभी राहिले, तर मामाजींनी ताट पुढं केलं आणि अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाले, “सूनबाई, जन्मठेप वाढ.” माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मामाजी म्हणजे माझे सासरे. उभी नोकरी त्यांनी तुरुंगात शिपाई म्हणून काढलेली, एवढं मला ठाऊक होतं. पण ही काय भाषा? नवरा गालात हसत भाताच्या पातेल्याकडे बोट दाखवत होता. भात म्हणजे जन्मठेप. आमच्या धानाच्या मुलखात दोन्ही वेळा तोच, त्यातून सुटका नाही. कुठं येऊन पडले गं बाई मी, असं मनात म्हटलं आणि जन्मठेप वाढली.

हळूहळू सगळी नावं अंगवळणी पडली. वांगं म्हणजे सराईत, कितीदाही सोडा, आठ दिवसांत पुन्हा आत. लोणच्याची बरणी अंधारकोठडी, कांदा कच्चा कैदी. खिरीला ते मुलाखत म्हणायचे, कारण बाहेरचं माणूस भेटायला आलं तरच ती दिसायची. पाहुण्यांसमोरही आमचं हेच चालायचं आणि ते बिचारे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. परक्याला त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच. आम्ही मात्र त्याच बाष्कळ विनोदाला रोज नव्यानं हसायचो.

दूध तेवढं फरार. ते उतू गेलं की मी ‘फरार!’ म्हणून ओरडायचं आणि मामाजींनी ताटावर पळी बडवायची. तुरुंगातून कैदी पळाला की धोक्याची घंटा होते, तिला तिथं पगली घंटी म्हणतात. ही आमची पगली घंटी. “माह्या पहाऱ्यातून एकबी कैदी पळाला नाई,” ते सांगायचे, “पण ह्या दुधानं माही इज्जत घालवली.”

मग त्यांच्या किडन्या गेल्या. गडचिरोलीच्या दवाखान्यात दर दोन-तीन दिवसांनी मशीनवर रक्त साफ करायला न्यायचं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, फळं बंद केली आणि पाणी दिवसभरात एक लहानसा गडू. सराईत कायमचा सुटला, अंधारकोठडीला सील लागलं. ताटात उरली जन्मठेप आणि बिनमिठाचं वरण. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. नवरा मुलचेऱ्याच्या कचेरीत, शनिवारी एसटीनं यायचा आणि रविवारी मला चार सूचना करून जायचा. सूचना करायला काय जातं! माझं शिलाईचं दुकान बंद पडलं. नागभीडला सख्ख्या बहिणीचं लग्न होतं, तिथूनही लग्न लागल्याबरोबर मी परतीची बस धरली. पाण्याचा माठ माझ्या खोलीत, दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. त्या दिवसापासून मी सूनबाईची जेलरबाई झाले.

उन्हाळ्यात दुपारी ते दुपट्टा ओला करून डोक्याला गुंडाळायचे. एकदा पाहते तर त्याचंच टोक तोंडात धरून चोखत बसलेले. माझा तोल गेला. तुम्हाला मरायचंच असेल तर निदान मला तरी मोकळं करा, असं मी बोलले. खोटं कशाला सांगू, मनात होतं तेच ओठावर आलं. त्यांनी दुपट्टा पिळून खिडकीत वाळत घातला.

“जेलर बी आतच राह्यते, सूनबाई,” मग ते म्हणाले. “कैद्याले निदान सुटायची तारीख तरी असते.”

त्या संध्याकाळी मी दूध तापत ठेवलं आणि मुद्दाम पातेल्याकडे पाठ केली. चर्र झाल्याबरोबर ‘फरार!’ ओरडले. क्षणभर काहीच नाही. मग पलीकडच्या खोलीतून ताट वाजलं, चांगलं जोरात वाजलं. भांडण मिटलं. पुढं कधी बिनसलं की मी हेच करायचे. दुधाची नासाडी झाली तर झाली.

शेवटी मशीनही त्यांच्या अंगाला सोसेना. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, मागतील ते द्या. घरी आल्याबरोबर मी कुलूप काढलं आणि माठातून मोठा तांब्या भरून त्यांच्या ओठांशी धरला. किती तरसले होते त्या पाण्यासाठी! त्यांनी एकच घोट घेतला आणि तांब्या माझ्याकडे सरकवला.

“बाकीचं तू पी,” म्हणाले. मग जरा हसले. “तुमची ड्युटी संपली, जेलरबाई. किल्ली ठेवून द्या आता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

भेटायला आलेल्या बायका कानाशी लागून म्हणाल्या, सुटलीस बाई. खरंच होतं ते. मी नागभीडला जाऊन मनसोक्त राहिले. पहिल्याच जेवणाला आईला ‘जन्मठेप वाढ’ म्हणून बसले, तर ती घाबरून माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागली. परत येऊन दुकान उघडलं, गिऱ्हाइकंही येतात. माझ्या खोलीला आता कुलूप नसतं.

परवा ब्लाउज कापत बसले होते आणि आत दूध उतू गेलं. ‘फरार!’ तोंडातून निघूनच गेलं. धावत ओट्याशी गेले. दूध खाली फरशीपर्यंत ओघळत होतं, तरी माझा हात गॅसकडे जाईना. पलीकडच्या खोलीतून ताट वाजायची वाट बघत मी तशीच उभी राहिले.