अजमानच्या भिंतीवरची रायफल

नाना काल गेले. निदान एका माणसाच्या लेखी तरी चोर म्हणूनच गेले.

तो माणूस म्हणजे युसूफचाचा. नानांचे गाववाले, रूममेट, जिगरी दोस्त.

गोष्ट साठच्या दशकातली. तेव्हा यूएई नव्हतं, दिरहमही नव्हते. नाना, म्हणजे माझ्या अम्मीचे वडील, रत्नागिरीकडून शारजाला आले आणि बाजारात एका अरबाच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात कामाला लागले.

पितळी सुरया, खंजीर, लाकडी पेटारे, आणि चांदीच्या कड्या बसवलेल्या जुन्या रायफली. गोरे साहेब त्या हौसेने घ्यायचे.

नकली मालही फार यायचा. म्हणून नाना, युसूफचाचा आणि आणखी काही शौकीन लोकांनी मिळून एक सर्व्हे सुरू केला.

जुनी बंदूक कुठेही दिसली, की तिचा नंबर, शिक्के, दुरुस्तीच्या खुणा, मालकाचं घर, सगळं कागदावर उतरवायचं. प्रत्येकाला एक कॉपी.

विकत घेण्याआधी कागद बघायचा. जुळलं तरच व्यवहार.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे ऐकून हरखलेच होते. "नाना, हा तर ओपन डेटा! तुम्ही तेव्हाच केलात!"

"हो, आणि तेव्हाच खलास झाला," नाना म्हणाले.

माझ्या धाकट्या भावाचं वेगळंच. "नाना, वर यू अ स्पाय?"

"नाही रे हबीबी. स्पायला पगार वेळेवर मिळतो."

युसूफचाचांना स्वतःचं दुकान टाकायचं होतं. एक दलाल रायफल घेऊन आला. म्हणाला, शारजाशेजारच्या अजमानमधल्या एका घरातली आहे.

ते घर आणि ती रायफल नानांनीच पूर्वी नोंदवली होती. नंबर जुळला. शिक्के जुळले. दस्त्यावरची भेगसुद्धा जुळली.

"घे डोळे मिटून," नाना म्हणाले.

चाचांनी होतं नव्हतं ते सगळं घातलं.

काही महिन्यांनी नाना अजमानला त्याच घरी कहवा प्यायला गेले.

रायफल भिंतीवरच होती.

कुणीतरी सर्व्हेचा कागद समोर ठेवून हुबेहूब नकली बनवली होती. म्हणजे कॉपी आतल्याच कुणीतरी बाहेर दिली होती.

पैसे देण्याआधी एकदा अजमानला जाऊन ती भिंत बघून यावी, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. कागदावर इतका भरवसा.

"कागद तुझा, शब्द तुझा," चाचा म्हणाले. "तुझा वाटा किती होता, तेवढं सांग."

"युसूफ, अल्लाची कसम..."

"कसम नको. वाटा सांग."

चाचा मिळेल त्या बोटीने गावी गेले ते गेलेच. बाकीचेही एकमेकांकडे संशयाने बघू लागले. सर्व्हे संपला.

मागच्या वर्षी मी हट्टाने चाचांचा नंबर शोधला. व्हिडिओ कॉल लावला. मला खरंच वाटलं होतं, आता दोघं रडतील, हसतील आणि हे एकदाचं मिटेल.

"युसूफ, मी नव्हता दिला रे कागद."

स्क्रीनवर चाचांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "गुडघे कसे आहेत तुझे?"

"दुखतात."

"माझेपण."

आणि फोन नातवाकडे दिला.

"नाना, बघा, बोलले ना ते!" मी म्हटलं.

"नाही पटलं त्याला," नाना म्हणाले. "मी ओळखतो त्याला."

त्यानंतर मी नानांचा कागद न् कागद तपासला. कॉपी बाहेर कुणी दिली, याचा काहीतरी धागा लागेल म्हणून. काहीच सापडलं नाही. नाना आणि चाचा सोडले, तर ज्यांना कॉप्या जायच्या ते सगळे वारलेत. दलालाचं नाव नानांना आठवत नव्हतं.

काल असरच्या नमाजनंतर दफन झालं. घरी आल्यावर मी गावी फोन केला. नातवाने उचलला आणि चाचांना सांगितलं.

मागून त्यांचा आवाज आला, "इन्ना लिल्लाही..."

मग नातवाला म्हणाले, "विचार तिला, शेवटी काही कबूल केलं का त्याने?"

मी म्हटलं, "त्यांनी काही केलंच नव्हतं."

"बरं," नातू म्हणाला. फोन बंद झाला.

नाना, तुम्ही नव्हता दिलात. मला माहीत आहे. पण मला ते सिद्ध करता आलं नाही, आणि आता येणारही नाही.

अल्ला तुमच्या कबरीत उजेड ठेवो.

खुदा हाफिज, नाना.