शुल्काचा रिकामा रकाना

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात शनिवारचं काम मिळालं. कॉलेज पेणला, पण कार्यालय आणि तिथला कॉम्प्युटर रोह्याला. जित्याहून, म्हणजे माझ्या गावाहून, गाडीने जायचे. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कोणी काही सांगितलं की आधी हो म्हणायचं आणि मग घाबरायचं, अशी माझी सवय होती.

संशोधनाचे लेख छापणाऱ्या काही शोधपत्रिका वाचणाऱ्यांना फुकट मिळत. छपाईचं शुल्क लेख लिहिणाऱ्या प्राध्यापकाने भरायचं. कुणाचा लेख, कुठल्या पत्रिकेत, शुल्क किती, कधी भरलं, हे कॉम्प्युटरवर राहील अशी रचना मला करायची होती. मी वहीत रकाने आखले. भरल्याची तारीख रिकामी, तर शुल्क थकीत, असा नियम केला. मला तो फार सुटसुटीत वाटला.

हेडक्लार्क काका म्हणाले, "व्हय गो, आता आम्हाला घरी बसवतेस काय?"

मी लाजले, पण मनातून सुखावले.

पहिली यादी छापून संस्थेच्या बैठकीला गेली. पुढच्या आठवड्यात रसायनशास्त्राच्या मॅडम प्रयोगशाळेत माझ्यापाशी आल्या. त्यांचा लेख मिठागरांच्या पाण्यावर होता. पीएच.डी.साठी त्यांनी रजा मागितली होती. शुल्क थकलेलं असलं की संस्था रजा देत नसे; यादीत त्यांच्या नावापुढे 'थकीत' दिसलं, म्हणून अर्ज बाजूला ठेवला गेला होता.

"मी भरलं नाही हे खरंय," त्या हळू म्हणाल्या. "पत्रिकेला लिहून माफ करून घेतलं. त्यांचं पत्र फाइलला आहे."

मी स्वतः ई.बी.सी.च्या फी-माफीवर शिकत होते. आदल्या वर्षी उत्पन्नाचा दाखला देऊनही माझं नाव फी थकलेल्यांच्या यादीत, नोटीस बोर्डावर लागलं होतं. बाबा मिठागरावरचं काम टाकून आले होते आणि कॉलेजात फीच्या खिडकीपाशी एवढंच म्हणाले होते, "माफ झाली हाय ना साहेब? मंग बाकी कशी?"

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी रकाने आखताना आठवलं नाही.

शनिवारी मी रचना बदलली. वेगळा रकाना केला: भरलं, माफ, बाकी. माफ असेल तर कुणी केलं, कुठल्या पत्राने, तेही.

काका बघत होते. "माफीला एवढी जागा?"

"लागते काका."

दुरुस्त यादी पुढच्या बैठकीला गेली. मॅडमची रजा मंजूर झाली, पण तोवर विद्यापीठातल्या प्रवेशाची मुदत संपली होती. त्यांचं एक वर्ष गेलं. मी वर्षभर त्यांच्या तासाला मागे बसले.

पीएच.डी.ला जाण्यापूर्वी मॅडम एकदा रोह्याला आल्या आणि आपली नोंद दाखव म्हणाल्या. मी काढून दिली. पर्समधून माफीच्या पत्राची प्रत काढून त्यांनी तिच्यावरचा क्रमांक पडद्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला, एकेका अंकावर बोट ठेवत.

"बरोबर आहे," म्हणाल्या, आणि पत्राची घडी घातली.