अमेरिकेच्या सिटांवर बसणारी शकू

आमच्या कडावची शकू लग्न होऊन साजगावला गेली, तेव्हा तिच्या बापाने तिला दुधाची पितळी किटली दिली. घरात म्हशी, दुसरे काय देणार? पण त्या किटलीने शकूचे पोट भरले नाही. ते भरले सायकलच्या सिटांनी. साजगावात हरेशशेठचा सिटांचा कारखाना आहे. तिथे शकू वीसेक वर्षे सिटांवर रेक्झिन ओढते आहे. तिच्या हातची सीट समुद्र ओलांडून अमेरिकेत जाते आणि तिथली माणसे तिच्यावर बसून फिरतात. शकू स्वतः मात्र सायकलवर कधी चढली नाही.

गेल्या वर्षी ज्या दिवशी घरोघर गणपती आले, त्याच दिवशी अमेरिकेचा पन्नास टक्के टॅरिफ लागू झाला. हरेशशेठ आरतीलासुद्धा मोबाइल हातात धरून उभा होता.

"म्हंजी काय झालं, शेठ?" शकूने विचारले.

"असं समजा शकूताई, तुम्ही कर्जतला दूध नेलंत. गिऱ्हाइकानं एका किटलीचे पैसे तुम्हाला द्यायचे आणि वर अर्ध्या किटलीचे नाक्यावर भरायचे. घेईल का तुमचं दूध?"

"दुसऱ्याचं घेईल."

"तेच झालंय."

अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने मागणी रद्द केली नाही. नुसते थांबा म्हणाले. तयार सिटा गोदामात लोखंडी पाइपांवर ओळीने बसवून ठेवल्या, मशीन बंद झाली, माणसे घरी गेली. मग शेठला नवीच धास्ती लागली. पडून राहिलेले रेक्झिन आखडते आणि तडकते. त्याला बूड लागले तरच ते नरम राहते. म्हणून रोज प्रत्येक सिटवर कोणीतरी बसायला हवे. त्या कामाला त्याने शकूला ठेवले.

"माल नरम राहिला, तर मशीन सुरू होईल तेव्हा पहिली जागा तुमची," तो म्हणाला. "तडकला, तर तुम्ही घरी आणि मीही घरी."

शकूचा नवरा मोरू याने रात्रपाळ्या करकरून पाय सुजवून घेतले होते. तो म्हणाला, "आमी जल्मभर उभं ऱ्हाऊन कमावलं. हिला बघा, बसायचा पगार."

"तू पन ये की बसायला," शकू म्हणाली. "पन तुला घरात फुकट बसायची सवय, पगार पचायचा नाय."

एकट्या बाईचे बूड पुरणार किती सिटांना? शकूने आळीतल्या बायका बोलावल्या. शेजारची भागूबाई पहिली आली. मग दुपारचे गोदाम भरू लागले. कोणी वालाला मोड आणून सोलायला घेई, कोणी वाती वळी, बोंबल्या विठोबाची जत्रा झाल्यावर कोणी सुक्या बोंबलांची डोकी मोडी. दोन ओळी समोरासमोर, मधून बोळ, बोळातून इकडची गोष्ट तिकडे. घटकाभराने शकू म्हणे, "सरका गं," की सगळ्या एकेक सीट पुढे सरकत. बाहेर भाताची कापणी झाली, खळी सारवली गेली, पाताळगंगेवर सकाळचे धुके उतरू लागले, आणि साजगावच्या बायका अमेरिकेच्या सिटा राखत बसल्या होत्या.

एके दिवशी शेठने एक सीट उचलून आपल्या सायकलला लावली आणि फाटकापर्यंत चालवून पाहिली. सायकल सरळ गेली. शेठ डावीकडे गेला, कुंपणाच्या निवडुंगात. कपडे झटकत आत येऊन त्याने सगळ्या ओळी पाहिल्या. एकूण एक सीट डावीकडे खचली होती.

"शकूताई, तुम्ही बसता तरी कशा?"

"लुगड्यात कशा बसनार, शेठ? स्कूटरवर बसतो तशाच. पाय एका बाजूला."

शेठने बाहीतला निवडुंगाचा काटा उपटला. "असा माल गेला, तर सगळी अमेरिका डावीकडे पडेल."

त्या रात्री शकू ओट्यावर या अंगाने, त्या अंगाने बसून बघत होती. वीस वर्षांची जागा, आणि ती बसण्यापायी जाणार. दुसऱ्या दुपारी तिने बायकांना सांगितले, "आजपासून उलट्या तोंडानं बसा. पाय उजवीकडं सोडा."

बसल्या. आता दोन्ही ओळींच्या पाठी एकमेकींकडे आणि तोंडे भिंतीकडे. इकडची गोष्ट तिकडे जाईना. मग भागूबाई उठली.

"मी काय भिंतीशी बोलू? नातीचं लगीन जुळवायचं अर्ध्यावर आलंय माजं, त्या वळीतल्या जयाच्या भाच्याशी. आमी नाय फिरनार. फिरवायच्या तर तुज्या शिटा फिरव."

"शिटा कशा फिरतील गं, म्हातारे?" शकू चिडून म्हणाली, आणि मग सिटच्या खालच्या नटाकडे बघत राहिली.

मोरूला पान्हा घेऊन बोलावले. तो कुरकुरला, पण आला. दोघांनी एकेक नट सैल करून सगळ्या सिटांची टोके उलट दिशेला केली. बायका जशा होत्या तशाच समोरासमोर बसल्या. पाय पहिल्यासारखेच बोळाकडे, पण आता भार सिटच्या उजव्या अंगावर. गोष्टी पुन्हा सुरू झाल्या.

माघात टॅरिफ खाली आला. तोवर सिटा दोन्हीकडून सारख्या झाल्या होत्या. कंटेनर फाटकाशी लागला, तरी भागूबाई आपल्या सिटवरून उठेना. "हिच्यावर बसून लगीन जमवलंय. हिला कुटं पाठवता?" शकूने तिला हाताला धरून उठवले, तेव्हा ती सीट खोक्यात गेली.

दीड महिन्याने शेठ मोबाइल घेऊन शकूच्या दारात आला. माल पसंत पडला होता. इतक्या नरम सिटा आधी कधी आल्या नव्हत्या, असे गिऱ्हाइकाने कळवले होते. नवी मागणीही होती. फक्त एक खोका तिकडच्या बंदरात अडला होता. त्याने फोटो दाखवला. सिटच्या खालून, स्प्रिंगच्या वेटोळ्यातून, फिकट हिरवा वेल वीतभर बाहेर आला होता.

"हे काय आहे?"

"वाल हाय. सोलताना घरंगळला आसंल."

"बंदरावरचे साहेब विचारतायत, ही सीट धरायची की भाजी. सिटचा टॅरिफ वेगळा, भाजीचा वेगळा. ठरेपर्यंत सोडणार नाहीत."

शकूने फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "शीट धरा म्हनावं नायतर भाजी धरा, तुमचं तुमी बघा. पन वेलाला आदी काठी लावा. आसा लोंबकळत ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झाली. ठरल्याप्रमाणे पहिली जागा शकूची होती. ओढून झालेली पहिली सीट तिने उलटी केली आणि दोनदा झटकली.