आमचे हे फक्त ‘सन्मान’मध्ये बोलतात

घरी बोंबील तळले की ह्यांना जळजळ होते. आणि ‘सन्मान परमिट रूम’मध्ये तेच बोंबील दोन-दोन प्लेट हाणतात! हे मला कुणी सांगितलं? मनालीने. म्हणजे ह्यांचे दोस्त शिवदासभावजी, त्यांच्या बायकोने. गेली वीस वर्षं माझ्याच नवऱ्याच्या बातम्या मला शेजारणीकडून कळतात. गुडघ्याचा एक्स-रे काढला, मनालीने सांगितलं. कंपनीत साहेबाशी वाजलं, तेही मनालीनेच. जळफळाट होतो नुसता.

आमचे हे, धोंडू परब, औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. माणूस चांगला, खोटं कशाला बोलू? दोन पेग, आणि नवाच्या आत कांजूरला घरी. ओरडणं नाही, हात उगारणं नाही. पण शब्द? “वाढ” आणि “पंखा जोरात कर.” बाकी तोंडात मिठाची गुळणी. आणि मनाली म्हणते, “भावजी तिथं काय हसवतात गं! आमचे हे घरी येऊन सगळं सांगतात.” हसवतात? आमचे? मी मेली बत्तीस वर्षं एका जोकसाठी थांबलेय.

दारूचा राग नाही हो मला. त्या टेबलाचा आहे, त्या खुर्च्यांचा आहे. म्हटलं, माणूस तिथं बोलतो ना, मग आपणच तिथं जाऊ. एका शनिवारी दुपारी पदर खोचून सांगितलं, “मलापण न्या. वर फॅमिली रूम आहे, माहितीय मला.”

“तू काय करतलंस थंय?”

“बोंबील खातलंय.”

गेलो. मी अबोली साडी नेसले, जान्हवीची, म्हणजे आमच्या लेकीची, लिपस्टिकसुद्धा लावली. वेटर दशरथने ह्यांची खुर्ची आधीच मागे ओढली. “काका, गुडघा काय म्हणतो?” बघा! बिनबर्फाचं पाणी न सांगता समोर. मी लिंबूसोडा मागवला. बोंबील आले. कुरकुरीत होते मेले, माझ्यापेक्षा चांगले.

आणि हे गप्प.

“बोला ना काहीतरी.”

“काय बोलू?”

मी जान्हवीच्या नोकरीचं काढलं, सोसायटीच्या पाण्याचं काढलं. हूं. हूं. पाऊण तास मी भिंतीशी बोलले असते तरी चाललं असतं.

मग शिवदासभावजी जिन्यातून डोकावले. “काय रे धोंड्या, आज वर?” ह्यांचा चेहरा असा उजळला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्यांनी स्वतः उठून, दुखऱ्या गुडघ्यासकट, त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

“शिवा, बस बस! दिला रे काल राजीनामा. एकदम झकास वाटतंय बघ. मे संपायच्या आत गाव. पहिली कौलं बदलून घेतो, मग मागे चार नारळ लावतो. आता कायमचं तिथंच, मुंबई बस झाली.” भडाभडा बोलत होते, हातवारे करत. इतका गोड आवाज आहे ह्यांचा, मला माहीतच नव्हतं.

राजीनामा? गाव? कायमचं?

भावजी माझ्याकडे बघत होते. “वहिनींना काय वाटतं?”

ह्यांनी ग्लास खाली ठेवला. “हिला सांगायचं राहूनच गेलं रे.”

डोळ्यांत पाणी आलं माझ्या, पण रागाचं. ह्यांच्याकडे मी बघितलंच नाही. भावजींकडे वळून म्हटलं, “भावजी, तुमच्याशी बोलतात ते. जरा विचारा ना त्यांना, मीपण जायचंय का?”