यादीतून काढलेलं ‘इतर’

चूक माझी होती. सॉफ्टवेअरची नव्हती, सल्लागारांची नव्हती, वरून आलेल्या आदेशाचीही नव्हती. हल्ली कुणाचं नुकसान झालं की ‘सिस्टीमने केलं’ म्हणून मोकळं व्हायची पद्धत पडली आहे. मी ते म्हणणार नाही.

धायरीच्या आतल्या बाजूला आमचा कारखाना. पंपांचे शाफ्ट बनवतो. उत्पादनाची जबाबदारी माझ्याकडे. काही वर्षांपूर्वी सगळी मशीन ऑनलाइन करायचं ठरलं. प्रत्येक मशीनला एक डबी बसली, शेजारी टॅब लागला आणि शॉपच्या, म्हणजे मशीनं असलेल्या दालनाच्या, टोकाला मोठा टीव्ही. मशीन चालू असलं की टीव्हीवर हिरवा चौकोन, थांबलं की लाल. तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबलं तर टॅब कारण विचारायचा आणि ऑपरेटरने यादीतलं एक कारण दाबायचं; ते टीव्हीवर त्या लाल चौकोनाखाली दिसायचं.

ती यादी मी केली. केबिनमध्ये बसून, एका दुपारी. वीज गेली, माल नाही, टूल बदल, सेटिंग, क्रेनची वाट, बिघाड, ऑपरेटर जागेवर नाही. आणि शेवटी ‘इतर’.

पहिल्या महिन्यात जो तो ‘इतर’ दाबत होता. मीटिंगमध्ये प्लांट हेड म्हणाले, “इतर म्हणजे काय? भेळेची गाडी आहे का ही, सगळं एकत्र कालवायला?” मी त्याच दिवशी ‘इतर’ काढून टाकलं. शिवाय कुणी काहीच दाबलं नाही तर आपोआप ‘ऑपरेटर जागेवर नाही’ अशी नोंद होईल, अशी सोय केली. तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

आठ नंबरच्या मशीनवर, म्हणजे लेथवर, एक काका होते. धायरीचेच, गाव शहरात यायच्या आधीपासूनचे. ठरावीक नग झाले की ते मशीन थांबवायचे, एक शाफ्ट काढून फडक्याने पुसायचे आणि त्यावरून हळूच नख फिरवायचे. नख अडकलं की कापणारं टूल झिजलं, असं समजायचं. मापाला तो शाफ्ट अजून बरोबर असायचा, पण काकांच्या नखाला ते आधी कळायचं. यात चार-पाच मिनिटं जायची. हे कारण माझ्या यादीत नव्हतं. बाकीच्यांनी मार्ग काढला होता; ज्यांचा क्रेनशी संबंध नाही तेही ‘क्रेनची वाट’ दाबायचे. काका काहीच दाबायचे नाहीत.

मी एकदा त्यांना म्हणालो, “काका, काहीतरी दाबा ना. क्रेन दाबा.”

“क्रेन कुटं हाय हितं?”

“अहो, नुसतं दाबायचं.”

“साहेब, मी जे करतोय ते तुमच्या यादीत न्हाई. तर यादी दुरुस्त करा. मला कशाला खोटं बोलाया लावता?”

मी ‘बघतो’ म्हणालो. ‘बघतो’ म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक होतं.

त्यामुळे दिवसभर मशीनपुढे उभा असलेला माणूस टीव्हीवर रोज गैरहजर दिसू लागला. कॅन्टीनमध्ये पोरं विचारायची, “काका, आज आलात का?”

“थांब, टीव्हीला इचारून सांगतो.”

सगळे हसायचे. ताट हातात धरून मीही हसलो आहे.

पुढच्या आढावा बैठकीत आठ नंबरचा आलेख पडद्यावर आला. प्लांट हेडनी विचारलं, “हा माणूस रोज इतका वेळ असतो कुठे?” खोलीत आम्ही पाच जण होतो. उत्तर फक्त मला माहीत होतं, आणि ते एका वाक्याचं होतं. तो मशीनवरच असतो, नोंद चुकीची आहे. मी चहाच्या कपात बघत राहिलो.

आठवड्याभरात काकांची बदली पॅकिंगला झाली. कागदावर सही माझी. सारा जन्म लेथवर काढलेला हात आता खोक्यांना चिकटपट्टी लावणार होता. शेवटच्या दिवशी काकांनी नेहमीसारखं मशीन पुसलं, फडक्याची घडी करून टॅबवर ठेवली आणि मला म्हणाले, “घ्या. आता जागेवर न्हाई, हे खरं झालं.”

काही महिन्यांनी एका ग्राहकाकडून शाफ्टची खेप परत आली, रेघा पडलेली. ही हकिकत सांगताना लोक इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, काका बरोबर होते. मला तो पुरावा नको. एकही शाफ्ट परत आला नसता तरी टीव्हीवरची ती नोंद खोटीच होती. उभा असलेला माणूस उभा आहे, एवढं म्हणायला खेप परत यायची वाट कशाला बघायची? मी बघितली. त्या डबीवर माझा राग नाही. मशीन थांबलंय, एवढंच ती सांगत होती, आणि ते खरं होतं. का थांबलं, ते मी ठरवलं होतं.

मी यादी बदलली. ‘इतर’ परत आणलं. ‘तपासणी चालू’ हे नवीन कारण टाकलं. कुणी काही दाबलं नाही तर ‘कारण माहीत नाही’ अशी नोंद होईल असं केलं. मग प्लांट हेडकडे गेलो.

“आलेख बिघडेल,” ते म्हणाले.

“बिघडू दे.”

“वर काय सांगू?”

“माझं नाव सांगा. आणि काका आठ नंबरवर परत आल्याशिवाय या महिन्याच्या अहवालावर मी सही करणार नाही.”

“अहो, जरा शांतपणे घ्या.”

“इतके महिने शांतच होतो.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, “ठीक आहे, आणा परत. पण माफी वगैरे मागायची असेल तर केबिनमध्ये बोलावून मागा. शॉपवर तमाशा नको.”

बदनामी केबिनमध्ये झाली नव्हती. काका परत आले त्या सकाळी, शिफ्टच्या सुरुवातीला सगळे टीव्हीसमोर जमतात तेव्हा, मी त्यांना पुढे बोलावलं. ते म्हणाले, “साहेब, मशीन चालू करायचंय.” मी म्हणालो, दोन मिनिटं थांबा.

“काका, तुम्ही रोज मशीनवर होतात. नव्हतात असं मी लिहायला लावलं. बैठकीत विचारलं तेव्हा मला खरं माहीत होतं, आणि मी बोललो नाही. तुमच्या बदलीवर सही केली. कॅन्टीनमध्ये तुम्हाला हसलो. या सगळ्यांच्या देखत सांगतो, मी चुकलो. मला माफ करा.”